चांदीचा बिबट्या

माझ्याकडे चांदीची अकरा नाणी आहेत. बाजारात चालणारी नव्हेत. वेगवेगळ्या देशांनी हौशी लोकांसाठी काढलेली, एका बाजूला त्या देशाचं चिन्ह आणि दुसऱ्या बाजूला नामशेष होत चाललेला एखादा प्राणी. गेंडा आहे, माळढोक आहे, खवले मांजर आहे, अंडी घालायला वाळूत आलेली कासवीण आहे. बिबट्या मागे वळून बघतो आणि त्याच्या मिशीचा केस न् केस दिसतो. प्रत्येक नाणं गोल पारदर्शक डबीत बंद. ते उघड्या बोटांनी धरायचं नसतं, ठसा उमटला तर डाग कायमचा राहतो. म्हणून मी सुती हातमोजे घालूनच ती बाहेर काढतो.

वेंगुर्ल्यापासून आत, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात मी एकतीस वर्षं हायस्कुलात मास्तरकी केली. दर वर्षी वन्यजीव सप्ताहात काळ्या मखमलीवर ही नाणी मांडून मी मुलांना प्राण्यांविषयी सांगायचो. निवृत्त झाल्यावरही शाळा बोलवायची. वनखात्याचे लोक आले की मला पहिल्या रांगेत बसवायचे. बायको म्हणायची, "रुप्याचे वाघ पाळून दूद मेळतला काय तुमका?" गावाने तर मला ‘वाघाचो मास्तर’ करून टाकलं होतं. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

माझा हात लवकर उठतो, हेही गावाला माहीत होतं. मखमलीला बोट लावलं म्हणून मी एका पोराला असा हाणला होता की त्याच्या कानातून रक्त आलं. बाप तक्रार करायला आला नाही. उलट त्याने घरी नेऊन पोराला आणखी दोन दिल्या. तेव्हा मला त्यात काही चुकलं असं वाटलंही नव्हतं.

माझ्या बागेच्या खालून एक व्हाळ जातो, म्हणजे पावसाळी ओढा. व्हाळापलीकडे माझ्याच वयाचा एक शेजारी राहतो. आम्ही एकत्र गुरं राखली, एकत्र पोहायला शिकलो. त्याला सगळे शिकारी म्हणतात. तरुणपणी तो डुकरं मारायचा. पुढे ते सोडून माडांवर चढायला लागला, नारळ पाडून द्यायचा, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

दोन वर्षांपूर्वी रानडुकरांनी माझी केळीची बाग उलथी केली. साठ रोपं, चार महिने पाणी घालून वाढवलेली. कंद खाऊन खोडं तुडवून गेली होती. मी तिथे उभा राहून घाणेरड्या शिव्या घातल्या, कुदळीने बांध फोडला. मग मोटरसायकलची जुनी क्लचवायर घेतली आणि दुपारी व्हाळात उतरलो. डुकरांची वाट जाळीतून एका जागी अरुंद होते. तिथे मी फासकी लावली. गळफासासारखा तारेचा वेढा, जनावर पुढे गेलं की आवळत जाणारा. तशी फासकी लावणं गुन्हा आहे, हे मी स्वतः मुलांना शिकवत होतो. त्या दुपारी मला फक्त डुक्कर दिसत होतं.

फासकी कशी बांधायची ते मला चाळीस वर्षांपूर्वी शिकाऱ्यानेच शिकवलं होतं. त्याची गाठ वेगळी असायची. तारेला चार वेढे, मध्ये बांबूची चोय, म्हणजे चिरलेली पातळ काडी, आणि शेपूट बाहेर न ठेवता आत ठोकलेलं. जनावराने कितीही पीळ दिला तरी ती सुटत नाही. हाताने शिकलेलं हात विसरत नाहीत, माझ्या हातांनीही तीच गाठ मारली.

तिसऱ्या दिवशी सकाळी व्हाळाकडून आवाज आला. डुकराचा नव्हता. मी काठी घेऊन धावलो.

बिबट्या होता. मादी. तार कमरेत बसली होती, कातडं चिरून आत गेली होती. तिने पोहोचेल तिथवरची माती उकरून खड्डा केला होता, दातांनी शेजारचं झाड सोललं होतं. श्वास घेताना तिच्या पोटातून करवतीसारखा आवाज येत होता. घरात कपाटात तिला मी मखमलीवर ठेवली होती.

अर्ध्या तासात शंभरेक माणूस जमलं. आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. ‘वाघ सापडलो’ म्हणून लोक मोबाइल वर धरून धावत आले. मी काठी आडवी धरून ओरडत होतो, मागे सरा, मागे सरा. कोण ऐकतो. वनखात्याचे दोन रक्षक आले, पण भुलीचं इंजेक्शन देणारं पथक लांबून यायचं होतं. तेवढ्यात एक तरुण फोटोसाठी अगदी जवळ गेला. तिने पंजा मारला आणि त्याचा हात कोपरापासून मनगटापर्यंत उघडला. मग धोंडे सुरू झाले. डोक्यावर, पाठीवर, तोंडावर. तिचा एक डोळा फुटला. ती दर धोंड्याला त्या दिशेने झेप घ्यायची आणि तार आणखी आत जायची.

त्या सगळ्या गर्दीत तिच्याकडे मदतीला एकच माणूस गेला. शिकारी. व्हाळातून भिजवलेला गोणपाट घेऊन तो मागून सरकला आणि तिच्या डोक्यावर टाकला. डोळ्यांपुढे अंधार झाल्यावर ती जरा थांबली. त्याने लोकांना हात जोडले. एक धोंडा त्याच्या खांद्यावर बसला. पण उशीर झाला होता. गोणपाटाखाली तिचा श्वास अडकत गेला आणि पथक यायच्या आत ती मेली.

रक्षकाने तार कापली, वर धरली. गर्दीतला एक म्हातारा पुढे झाला. त्याने गाठ बघितली आणि म्हणाला, "ही गाठ शिकाऱ्याची."

जखमी पोराचे भाऊ तिथेच होते. त्यांनी शिकाऱ्याला केसांना धरून ओढला. लाथा, बुक्के, चपला. रक्षक दोघेच, ते कोणाकोणाला आवरणार. शिकारी म्हणत होता, "मी नाय लावलंय, देवाशपथ नाय." कोणी तरी ओरडलं, "मास्तरानू, तुमीच सांगा. ह्येनाच वाघ मारल्यान मा?"

सगळे माझ्याकडे वळले. शिकाऱ्यानेही मान उचलून माझ्याकडे बघितलं. तोंड रक्ताने भरलेलं, पण डोळे शांत होते. ती गाठ त्याने एकालाच शिकवली होती.

मी काठी फिरवली. ती त्याच्या तोंडावर बसली. पुढचे दोन दात पडले, मातीत पडलेले मी बघितले. कोणी मला मारायला सांगितलं नव्हतं. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. मी मारलं, पूर्ण ताकदीने, आणि मारल्यावर क्षणभर मला मोकळं वाटलं. हे लिहितानाही माझी मला किळस येते.

रक्षक त्याला घेऊन गेले. पंचनाम्यावर पंच म्हणून माझी सही घेतली. गावातला प्रतिष्ठित आणि प्राणिप्रेमी माणूस म्हणून रक्षकाने मलाच खुर्ची दिली. मी सही केली, मृत मादीची लांबी, जखमा, तारेचं वर्णन, सगळं वाचून.

पुढचे चार दिवस मी जेवलो नाही असं नाही. जेवलो. वाईट वाटत होतं आणि भूकही लागत होती. व्हाळापलीकडून त्याच्या बायकोचं रडणं ऐकू यायचं. ती कोणाच्या दारात गेली नाही, कोणी तिच्या दारात गेलं नाही. लोक म्हणत होते, आता सात वर्षं आत जाणार. पाचव्या दिवशी सकाळी माझी बायको चहा देताना म्हणाली, "ती क्लचवायर कपाटामागे होती, ती खंय गेली ओ?" तिने माझ्याकडे बघितलं नाही. चहा ठेवून आत गेली. मी चहा तसाच टाकून वनखात्याच्या ऑफिसात गेलो.

साहेबाने मला बसवलं. मी म्हणालो, "फासकी मी लावली होती." तो हसला. "मास्तर, गरीब शेजाऱ्याची दया येते, समजतं मला. पण तुम्ही? तुमची नाणी माझ्या मुलीने बघितली आहेत." मी परत सांगितलं. त्याने माझ्यापुढे पाणी सरकवलं आणि घरी जाऊन विश्रांती घ्या म्हणाला. माझ्या चांगुलपणाची एवढी पक्की खात्री मला आयुष्यात कोणी दिली नव्हती. शेवटी मी त्याच्याकडे तार मागितली. कोपऱ्यात जप्त केलेल्या तारांची गुंडाळी पडली होती. त्याच्यासमोर खुर्चीच्या पायाला चार वेढे दिले, चोय म्हणून त्याची पेन्सिल घातली, शेपूट आत ठोकलं. साहेब उठून उभा राहिला. त्याने मग मला मास्तर म्हटलं नाही.

शिकारी सुटला. मला अटक झाली, जामीन मिळाला, केस चालू आहे. शिक्षा होईल ती भोगीन. शाळेचं बोलावणं बंद झालं. गाव मात्र माझ्यावर म्हणावं तसं रागावलं नाही. भल्या माणसाच्या हातून चुकून घडलं, असंच बोलतात. ज्यांनी त्याला लाथा घातल्या ते आता त्याला माडांवर चढायला बोलवत नाहीत. समोरून आला तर वाट बदलतात. त्याचं दात पडलेलं तोंड बघणं त्यांना जड जातं.

महिनाभराने मी त्याच्याकडे गेलो. खिशात बिबट्याचं नाणं होतं. काय घेऊन जावं ते सुचलं नव्हतं आणि माझ्याकडे त्याहून मोलाचं काही नव्हतं. तो घरापुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, बसून केरसुणी वळत होता. मी डबी उघडून नाणं त्याच्या हातावर ठेवलं. त्याने ते उलटं-सुलटं केलं, अंगठ्याने पुसलं.

"बरी काढल्यानी हा," तो म्हणाला. दात गेल्यामुळे शब्द हवेत सुटत होते. "पण ह्यां घेवन मी काय करू?"

त्याने नाणं परत दिलं.

"चुकलंय मी," मी म्हणालो. "फासकी लावक नको होती."

"फासकेचा सोड. डुकरांनी केळी खाल्ल्यानी, तू फासकी लावलंस. मीय लावलंय असतंय." तो केरसुणीची काडी ओढत राहिला. "माका मारलंस कित्याक?"

मी नाणं डबीत घातलं. मग जे खरं होतं ते सांगितलं. "तुका म्हायत होतां म्हणान. तू बगलंस माज्याकडे. माका वाटला, आता सांगतलंस."

त्याने हातातलं काम थांबवलं.

"म्हायत होतां," तो म्हणाला. "पण मी सांगणार नाय होतंय."