सहावं कलम

देशाच्या नव्या अध्यक्षांनी शपथ घेतली त्याच्या तिसऱ्या दिवशी मुतेंग्याच्या बाजारात त्यांच्या कार्यक्रमाचा छापील कागद फुकट वाटला गेला. बारा कलमं, वर हसरा चेहरा, खाली सही. फॅक्सन चिसेंगाने हातातली पत्र्याची शेगडी बाजूला ठेवली, कागद मांडीवर पसरला, कानावरची पेन्सिल काढली आणि कलमं खोडायला बसला. हे तो दर निवडणुकीनंतर करायचा आणि ऐकायला पाच-सात जण हमखास गोळा व्हायचे.

"मोफत शाळा," त्याने वाचलं आणि रेघ मारली. "मागच्यानेही दिली होती. छप्पर तेवढं द्यायचं राहिलं."

"दुसरं वाचा, कासुबाचे बाबा."

"भ्रष्टाचार खणून काढणार. खणायला फावडी लागतील, ती मेव्हण्याच्या दुकानातून घेतील." रेघ.

खत, दवाखाना, वीज, सगळं गेलं. सहाव्या कलमापाशी पेन्सिल थांबली. मुतेंगा खाणीतलं पाणी शंभर दिवसांच्या आत उपसायला सुरुवात होईल, असं त्यात म्हटलं होतं. फॅक्सनने ते दोनदा वाचलं, सोडून दिलं आणि सातव्यावर रेघ ओढली.

समोरच बसलेल्या ब्वेम्ब्याच्या ते नजरेतून सुटलं नाही. ब्वेम्ब्या हा पक्षाचा गावातला अध्यक्ष. आधीच्या पक्षाचाही तोच होता, फक्त टोपी बदलली होती. "काय हो, सहावं का सोडलंत? पेन्सिलीचं टोक मोडलं?"

"मोडलं," फॅक्सन म्हणाला आणि आठव्यावर ठळक रेघ मारली.

लोक हसले. ब्वेम्ब्याही हसला, पण त्याने ते लक्षात ठेवलं.

खाण बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. त्याआधी फॅक्सन माणसं खालीवर नेणारा पिंजरा चालवायचा. तेवीस वर्षं त्या मोठ्या चक्रापाशी बसून, खालून घंटा वाजली की तो पिंजरा सोडायचा नि ओढायचा. एका फेब्रुवारीत नदीचं पाणी आत घुसलं. त्याने चार फेऱ्यांत एकोणनव्वद माणसं वर काढली. पाचव्या फेरीला घंटा वाजलीच नाही. सहाशे मीटर खोलवर पाच जण राहिले. त्यांत त्याचा एकुलता एक मुलगा कासुबा होता, बावीस वर्षांचा, आणि एस्नार्ट नावाच्या तरुणीचा नवराही होता.

तीन दिवस पंप चालले. पाणी पाचशेच्या वर चढत आलं. पंपांना वीज पुरेना, कंपनीला ते बंद करून निघून जायचं होतं. लोक खाणीच्या दारावर बसले. चारशे मीटरवर पिंजऱ्याचा थांबा होता. तिथपर्यंत तरी एकदा सोडा, म्हणत होते. तिघं जण त्यात बसून जायलाही तयार होते. मॅनेजर धूर्त होता. तो म्हणाला, चिसेंगाला विचारा, त्याचा स्वतःचा मुलगा आहे खाली. तो सोडा म्हणाला तर सोडू.

फॅक्सन बाहेर आला. तीन दिवस तो घंटेखाली बसून होता.

"तीन जिवंत माणसं पाच मेलेल्यांसाठी मी खाली सोडणार नाही," तो म्हणाला.

"मग रिकामा सोडा," एस्नार्ट म्हणाली. तिच्या पाठीवर तान्हं पोर बांधलेलं होतं. "दादा, नुसता रिकामा सोडा नि वर घ्या."

"रिकामा वर आलेला पिंजरा तुला बघवायचा नाही, एस्नार्ट. घरी जा. आशा लावून घेऊ नकोस."

त्याने हे तिची दया येऊनच म्हटलं. खोटी आशा त्याला कुणाचीच सहन होत नसे, स्वतःची तर नाहीच. लोक उठले. संध्याकाळी पंप बंद झाले. आपल्या मुलाच्या बाबतीतही ज्याने असा निवाडा दिला, त्याचा शब्द मुतेंग्यात त्यानंतर कुणी मोडला नाही. अध्यक्ष आले-गेले, प्रत्येकाने खाण उघडायचं कबूल केलं, आणि प्रत्येक वेळी फॅक्सनने पेन्सिल काढली.

त्या दिवशी घरी आल्यावर रोडाने, त्याच्या बायकोने, कागद घडी उलगडून बघितला. तिला वाचता येत नव्हतं, पण अकरा रेघा दिसत होत्या.

"एक राहिलं का?"

"खाणीचं आहे."

ती मक्याच्या पिठाची न्शिमा घोटत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुम्हाला वाटतं, उघडतील?"

"उघडली तर मला काय, मी परत थोडाच कामाला लागतोय? पण पाणी काढलं तर..." त्याने कागदाची घडी घातली. "हाडं तरी मिळतील."

"म्हणजे आशा लावून घेतलीत."

"आशा नाही. खोडलं नाही इतकंच."

रोडाने त्याच्याकडे नीट बघितलं. अकरा वर्षांत त्याने घरात कासुबाचं नाव काढलं नव्हतं. तिने ताटात कापेंट्याचे सुके मासे वाढले, आणि त्या रात्री ते दोघं मुलाबद्दल बोलले. तो लहानपणी किती हट्टी होता, कसा उपाशी राहून दाखवायचा, असलं काहीबाही.

शहाण्णवाव्या दिवशी ट्रक आले. मोठाले पंप, जाड पाईप आणि एक तरुण इंजिनीअर बाई. सगळा गाव रस्त्यावर आला. फॅक्सन आपल्या जागेवरून हलला नाही. "पंप आणणं सोपं असतं," तो म्हणाला. "डिझेल कोण घालतं ते बघा."

डिझेलही आलं. उद्घाटनाला स्वतः अध्यक्ष येणार असं कळलं, तेव्हा ब्वेम्ब्या अध्यक्षांचा चेहरा छापलेलं चितेंगे कापड घेऊन घरी आला. ते त्याने रोडाच्या हातात ठेवलं. "वहिनी, हे नेसून या. आणि कासुबाचे बाबा, तुम्हाला व्यासपीठावर बसायचंय. बटण तुम्ही दाबायचं."

"मी कशाला?"

"शेवटचा पिंजरा तुम्ही ओढला. आणि गावात तुमच्याइतका संशयी माणूस नाही. तुम्ही बटण दाबलंत म्हणजे बाकीच्यांचं तोंड आपोआप बंद."

फॅक्सनने नाही म्हणावं असं रोडाच्या मनात होतं. पण तो गेला. जुना काळा कोट घालून उन्हात तीन तास बसला. अध्यक्षांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, "बाबा, तुम्हाला माझ्याकडून काय हवं?"

"पाणी चारशेच्या खाली न्या," तो म्हणाला. "मग मी तुमच्यावर विश्वास ठेवीन."

अध्यक्षांना ते उत्तर इतकं आवडलं की भाषणात त्यांनी ते दोनदा सांगितलं.

त्यानंतरचे चौदा महिने फॅक्सन रोज सकाळी पाईपाच्या तोंडापाशी जायचा. गढूळ, तांबूस पाणी ओढ्यात पडत असायचं. पहारेकऱ्याला विचारायचा, "आज किती?" एकशे दहा. एकशे साठ. दोनशे पाच. बाजारात टवाळी सुरू झाली. आता त्याला पक्षाची टोपी द्या, म्हणायचे. एक जण म्हणाला, "म्हातारा स्वतःच कलम झालाय, सहावं." तो मान खाली घालून पत्रा ठोकत राहायचा. चांगला, न गंजलेला पत्रा मिळाला तेव्हा त्याने दोन हात लांबीची एक पेटी बनवली. कोपरे घासून गुळगुळीत केले. कशासाठी, हे कुणाला सांगितलं नाही. एस्नार्टचा भाजीचा ठेला समोरच होता. ती ओळखून होती.

"दादा," एकदा ती म्हणाली, "माझ्या नवऱ्यासाठीही एक कराल?"

त्याने पाच केल्या.

पाणी चारशेच्या खाली गेलं त्या आठवड्यात पहारेकरी आकडा सांगेनासा झाला. मग ब्वेम्ब्या घरोघर निरोप देऊन गेला. पाचही जण सापडले आहेत, नातेवाइकांनी उद्या सकाळी सभागृहात यावं. पेट्यांचं फॅक्सनने विचारलं, तर म्हणाला, "त्या ठेवा शेगड्यांना. राजधानीहून लाकडी येतायत, पितळी कड्यांच्या."

सभागृहात खुर्च्या मांडल्या होत्या. इंजिनीअर बाईच्या हातात कागद होता. ब्वेम्ब्या तिच्या कानाशी लागून थोडक्यात आटपा म्हणाला, ते पुढच्या रांगेतल्यांना ऐकू आलं. ती तरुण होती आणि तिला थोडक्यात सांगता येत नव्हतं.

"पाचही जण सहाशेवर नव्हते," ती म्हणाली. "चारशेच्या थांब्यावर सापडले, पिंजरा यायचा त्या दाराशी. शिड्यांनी चढून आले असावेत, तिथून वरच्या शिड्या तुटलेल्या आहेत. एकाचा पाय मोडलेला होता, त्यालाही आणलं होतं."

कुणी तरी विचारलं, मग घंटा का वाजवली नाही.

"तार वरच तुटली होती. त्यांनी खूप वेळा ओढली असणार. खालचा दांडा वाकलाय." तिने कागदाकडे बघितलं. "भिंतीवर दगडाने रेघा मारल्यात. अकरा. पंप बंद झाल्यावर तिथवर पाणी यायला आठ दिवस लागले असावेत, असा आमचा हिशोब आहे."

तीन आणि आठ, हे जमवायला तिथल्या कुणाला कागद लागला नाही. सगळ्या माना एकदम वळल्या नाहीत. एकेक करून वळल्या. फॅक्सन दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता.

एस्नार्ट उठली. तिच्या पाठीवरचं तेव्हाचं पोर आता तेरा वर्षांचं होऊन तिच्या शेजारी उभं होतं. ती फॅक्सनच्या खुर्चीसमोर आली. तिचा आवाज भाजीचा भाव सांगावा तसा होता.

"मी रिकामा मागितला होता, दादा."

"हो," फॅक्सन म्हणाला.

"माणसं घालू नका म्हटलं होतं. नुसता रिकामा."

"हो."

"तुम्ही म्हणालात, मला बघवणार नाही."

त्याने मान हलवली. ती वळून जागेवर जाऊन बसली.

दफनाला राजधानीहून मंत्री आले, बँड आला. पाच पेट्यांवर झेंडे होते. मंत्र्यांनी अध्यक्षांचा संदेश वाचला. वीरांना घरी आणण्याचा शब्द आपण पाळला, असं त्यात होतं. माती टाकायची वेळ आली तेव्हा आधी बायका, मग बाप. कासुबाच्या खड्ड्यापाशी रोडाने मूठभर माती टाकली आणि बाजूला झाली. फॅक्सन खाली वाकला, तर कुणीतरी त्याच्या मनगटाला धरलं. एस्नार्टचा दीर होता, त्या वेळी पिंजऱ्यातून जायला तयार झालेल्या तिघांतला एक.

"तुम्ही नको," तो म्हणाला.

फॅक्सनने रोडाकडे पाहिलं. ती झेंड्याची घडी घालणाऱ्या शिपायाकडे बघत होती. त्याने मूठ उघडली. माती तिथेच पायाशी पडली, आणि दुसऱ्या कुणीतरी फावडं हातात घेतलं.

खाण खरोखरच सुरू झाली. चारशे माणसं कामाला लागली. पगार होऊ लागले, बंद पडलेली दुकानं उघडली, दवाखान्यात डॉक्टरसुद्धा आला. लोक अध्यक्षांचं नाव घेऊन पेले उंचावू लागले, आणि ज्यांनी फॅक्सनच्या रेघांना माना डोलावल्या होत्या तेच आता म्हणत, त्या माणसाने आपल्याला इतकी वर्षं अविश्वास शिकवला. त्याच्याकडून शेगडी विकत घेणं कुणी मुद्दाम बंद केलं नाही. फक्त आता गॅस आला होता.

पोटनिवडणूक लागली तेव्हा ब्वेम्ब्या पुन्हा आला. "झालं गेलं झालं. तुम्ही म्हणाला होतात, पाणी खाली न्या मग विश्वास ठेवीन. अध्यक्ष विसरलेले नाहीत. येऊन दोन शब्द बोला."

रोडा ऐकत होती. फॅक्सन म्हणाला, "येतो."

मैदान भरलं होतं. त्याला माईकपाशी नेलं तेव्हा मागे कुजबूज झाली, मग ती थांबली. त्याने अंगात तोच काळा कोट घातला होता, तो आता खांद्यांवर लोंबत होता.

"सहावं कलम अध्यक्षांनी पाळलं," तो म्हणाला. "चारशेच्या खाली पाणी नेलं. मी म्हणत होतो कुणीच काही करत नाही. ते चूक होतं."

टाळ्या पडल्या. ब्वेम्ब्या पुढचं वाक्य यायची वाट बघत हसत उभा होता. फॅक्सनने माईक त्याच्या हातात दिला आणि पायऱ्या उतरला. कुणी त्याला अडवलं नाही. गर्दीने वाट दिली, जरा जास्तच रुंद दिली.

घरी रोडा अंगणात शेंगदाणे कुटत होती. दफनापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. मीठ संपलंय, पाणी आलंय, इतकंच. तो कोट काढून पायरीवर बसला. मुसळ थांबलं.

"चारशेपर्यंत पिंजरा जायला किती वेळ लागायचा?" तिने विचारलं.

तो खोटं बोलू शकला असता. तिला कधी कळलंही नसतं.

"जपून सोडला तर चार मिनिटं."

"येऊन-जाऊन?"

"थांबून, दार उघडून, माणसं घेऊन, नऊ."

रोडाने मान हलवली. उखळातले दाणे हाताने खाली-वर केले, बारीक झालेत की नाही ते बघितलं, आणि पुन्हा कुटायला लागली.