दुपारचं प्रेशर

"काका, तिसऱ्यांदा! महिन्यात तिसऱ्यांदा!"

सुर्वे मॅडम चपला हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी आत, पाण्यात. संध्याकाळी ऑफिसातून आल्या तर ही अवस्था. खालच्या फ्लॅटवाल्याच्या छतातून पाणी गळत होतं, तो दोनदा वर येऊन बोलून गेला होता.

"मॅडम, ओरडून पाणी ओसरत नाही. पोछा द्या."

खारघरचा वीस मजली टॉवर. यांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. आर.ओ. मशीन आमच्या एजन्सीचं, बसवलेलं मी. फुटला होता बाउल. बाउल म्हणजे मशीनच्या आधी भिंतीवर असतो तो प्लास्टिकचा उभा डबा. आत गाळ अडवणारी पांढरी कांडी असते. लाइनचं पाणी आधी त्यात येतं, मग मशीनमध्ये.

पाण्याचा जोर आम्ही किलोत मोजतो. घरच्या मशीनला तीन किलोच्या आत पाणी पाहिजे. कमी आलं तर पंप कोरडा ओरडतो. जास्त आलं तर जिथं कच्चं असेल तिथं फुटतं.

पहिल्या वेळी बाउल फुटला तेव्हा मी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला गेज लावला. गेज म्हणजे जोर दाखवणारं काट्याचं घड्याळ. दोन किलो. एकदम बरोबर. म्हटलं बाउलच खराब निघाला, बदलला. दुसऱ्या वेळी पाइप निसटला. परत सकाळी गेज, परत दोन किलो. कनेक्टर बदलला. सकाळीच का, तर मॅडम नऊला बेलापूरला जायला निघतात. गिऱ्हाईक घरात असेल तेव्हाच जायचं, ही आमच्या धंद्याची रीत.

या वेळी मी मशीनचा कॉक बंद करून आलो. सकाळी कोल्हे साहेबांनी ऑफिसला बोलावलं. ते आमचे सुपरवायझर, माझ्या मुलीपेक्षा लहान.

"काका, खालचा माणूस लेखी तक्रार करतोय. मॅडम म्हणतात दुसरा माणूस पाठवा."

"पाठवा. त्यालाही दोनच किलो दिसतील."

"मग फुटतं कसं?"

"माहीत नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "काका, वाईट मानू नका. मावशी गेल्यापासून तुमचं लक्ष नसतं कामात. पुढच्या महिन्यापासून घरी आराम करा."

घरी आराम. बायको जाऊन सात महिने झाले. मुलगी सासरी. घरी चार भिंती नि एक टीव्ही. काम आहे म्हणून मी सकाळी दाढी करतो. काम गेलं तर काय करायचं ते मला ठाऊक नाही, आणि हे त्या पोराला सांगून काय उपयोग? मी म्हटलं, "मला उद्या संध्याकाळपर्यंत द्या." ते म्हणाले, "ठीक आहे. पण आज कॉल नको. घरी जा."

कळंबोलीला आमची तळमजल्याची खोली. भरदुपारी मी तिथं बसलोय असं कधी झालंच नव्हतं. आधी कामामुळे, नंतर मुद्दाम. आता तर दोन्ही वेळ खानावळीतच जेवतो. त्या दिवशी पाव नि भजी घेऊन घरी आलो, खाल्लं, ताटली धुवायला नळ सोडला. पाणी ताटलीवर आपटून छातीवर आलं. सगळा शर्ट भिजला. सकाळी याच नळाला करंगळीएवढी धार असते.

या नळाच्या तोंडाला बायकोनं जुन्या पातळाचं फडकं बांधलेलं असायचं. ती गेल्यावर मीच ते सोडलं. सकाळी एवढीशी धार, फडकं कशाला म्हणून. खिडकीच्या गजाला अजून तसंच लटकत होतं.

ती कितीदा म्हणायची. "अहो, दुपारी नळ अंगावर येतो. बघा की जरा."

"सकाळी बघितलं. नीट आहे."

"सकाळचं मलाही दिसतं. मी दुपारचं म्हणतेय."

"तुला प्रेशरमधलं काय कळतं?"

मग तिनं फडकं बांधलं आणि बोलायची थांबली. 

ओल्या शर्टातच मी मॅडमना फोन लावला. "उद्या दुपारी दोनला मला आत घ्या."

"दुपारी घरी कुणी नसतं, काका."

"म्हणूनच."

भांड्याला शोभाबाई येतात, त्यांच्याकडे चावी असते. दोनला त्यांनी दार उघडलं. कोल्हे साहेबही आले होते, मला शेवटचा चान्स द्यायला. मी मशीनच्या आधी गेज जोडला, कॉक उघडला. काटा दोनवर आला. अडीच. तीन. थांबेना. चार गेला, पाच गेला. पावणेसहावर उभा राहिला.

"गेज बिघडलाय तुमचा," साहेब म्हणाले.

"तुमचा लावा."

त्यांचाही पावणेसहा.

शोभाबाई मागून म्हणाल्या, "नळ दुपारी अंगावर येतो, मी ताईंना दोनदा बोलले. ताई म्हणाल्या, हळू सोडत जा. तुमी तर मला कधी विचारलंच नाय."

"चुकलंच बाई," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

झालं होतं असं. गच्चीवरच्या टाकीपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत सतरा मजल्यांचं पाणी डोक्यावर. तो जोर कमी करायला खालच्या मजल्यांच्या लाइनवर पीआरव्ही नावाचा वॉल्व्ह असतो. त्याचं आतलं रबर झिजलं होतं. सकाळी सगळी बिल्डिंग आंघोळीला, पाणी पळत असतं, तेव्हा ही खोट दिसत नाही. दुपारी सगळे नळ बंद. मशीनची टाकीही भरलेली, त्यामुळे मशीन आतून पाणी घेत नाही. मग झिजलेल्या रबरातून जोर झिरपत राहतो नि सगळा त्या प्लास्टिकच्या बाउलवर येऊन बसतो. रात्री सोसायटी पाणीच बंद ठेवते, म्हणून रात्री काही होत नव्हतं.

नवा बाउल लावला. त्याच्या आधी एक छोटा पीआरव्ही बसवला, अडीचवर सेट केला. मग साहेब नि मी काट्याकडे बघत बसलो. तीन वाजले, काटा अडीचवर. चार वाजले, अडीचवरच. मी फरशीवरच फतकल मारली. शोभाबाई दुसऱ्या घरचं काम उरकून परत आल्या होत्या. म्हणाल्या, "काका, च्या टाकू? की त्याचंपन प्रेशर बघताय?" किती महिन्यांनी हसलो कुणास ठाऊक.

जिन्यात कोल्हे साहेब म्हणाले, "काका, ते पुढच्या महिन्याचं..."

"ते राहू द्या. उद्याचे कॉल सांगा."

"तीन आहेत."

"दुपारचे करा."

सोसायटीनं त्याच आठवड्यात मोठ्या वॉल्व्हचं रबर बदललं. खालच्या माणसानं तक्रार मागं घेतली. मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, "काका, दुपारी बघायचं हे तुम्हाला सुचलं कसं?"

"बायकोनं सांगितलं होतं."

"अरे वा! त्यांना माझं थँक्यू सांगा हं."

"सांगतो," म्हटलं.

आता कुठल्याही घरी गेलो की गेज पिशवीतून काढायच्या आधी विचारतो, दुपारी घरात कोण असतं? ते माणूस काय म्हणतं ते आधी ऐकतो, काटा मग बघतो. बहुतेक वेळा दोघं एकच सांगतात. फक्त काटा उशिरा सांगतो.