तुम्ही थांबला आहात

फ्रेमवाल्याला सगळी गल्ली काटकोन म्हणायची, अगदी तोंडावरसुद्धा, आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नसे. फोटोंना फ्रेमा करण्यात त्याचा जन्म गेला होता. भिंतीवर एखादी फ्रेम तिरकी दिसली की याचा जीव कासावीस. छातीत धडधडतं म्हणून डॉक्टरांकडे गेला, तर आधी स्टुलावर चढून त्यांच्या पदवीची फ्रेम सरळ केली आणि मग धापा टाकत खाली बसला. डॉक्टरांना तपासायला फारसं काही उरलंच नाही.

"रोज सकाळी चाला," ते म्हणाले.

काटकोनाची बायको नवऱ्याला पुरती ओळखून होती. चालायला म्हणून निघालेला हा गृहस्थ कोपऱ्यावर गप्पा हाणून परत येणार. तिने त्याच्या फोनमध्ये चालण्याचं ॲप टाकून दिलं. चाललेला रस्ता ते नकाशावर निळ्या रेघेने दाखवायचं, आणि माणूस जरा उभा राहिला की आतली बाई खणखणीत आवाजात जाहीर करायची, "तुम्ही थांबला आहात." तिला गप्प कसं करायचं हे घरात कुणालाच कळलं नाही.

"लग्न झाल्यापासून मी तरी दुसरं काय करतेय?" बायको म्हणाली. "पण मला कुणी ॲप म्हटलं नाही."

पहिल्याच सकाळी काटकोनाचे पाय धाकट्या भावाच्या घराकडे वळले. आई गेल्यापासून दोघांत अबोला होता. एकाच गावात, चालत जाण्याच्या अंतरावर राहून दोघांनी तो मन लावून पाळला होता. भांडणाचं कारण ऐकून लोक हसायचे. आईवडिलांचा आणि दोघा भावांचा लहानपणीचा एकच फोटो घरात होता. आई गेल्यावर काटकोनाने तो फ्रेममध्ये बसवताना कडेची बोटभर पट्टी कापली, आणि त्या पट्टीबरोबर धाकट्याचा एक कान आणि खांदा गेला. धाकट्याने ते बघितलं आणि विचारलं, "सगळे आहेत. मीच तेवढा कापायला सापडलो का?" तेव्हा चूक झाली म्हणायचं सोडून काटकोन म्हणाला, "तू वाकडा उभा होतास." कापलेलं एक वेळ चाललं असतं. ते वाक्य चाललं नाही, आणि हे काटकोनाला त्याच रात्री कळलं होतं. पण मोठेपणा आडवा आला.

आता रोज सकाळी तो धाकट्याच्या फाटकापाशी जायचा. माफी मागायची हे ठरलेलं होतं, वाक्यही घोकलेलं होतं. कडीला हात लावायचा, घुटमळायचा, आणि नेमकी तेव्हाच खिशातली बाई ओरडायची, "तुम्ही थांबला आहात." की हा चोरासारखा पळत सुटायचा. ॲप त्याला धावल्याबद्दल शाबासकी द्यायचं.

एक दिवस बायकोने नकाशा उघडला. सगळी रेघ साफ, आणि एका जागी निळा गुंता.

"ही गाठ कसली?"

"तिथे सिग्नल आहे."

"भावोजींच्या दारात सिग्नल कधी बसवला?" काटकोन भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करू लागला. तशी ती म्हणाली, "अहो, नकाशावर रोज गाठ मारून काय होणार? एकदा समोरासमोर गाठ घ्या की."

त्या संध्याकाळी फोन घरी चार्जिंगला ठेवून काटकोन दुकानात बसला. शटर अर्धं ओढून घेतलं. जपून ठेवलेली ती पट्टी काढली, फोटोला लावून बघितली. सांधा दिसणारच होता. त्यातल्या त्यात मोठी फ्रेम शोधत असताना आवाज आला.

"तुम्ही थांबला आहात."

काटकोनाने सवयीने खिसा चाचपला. खिसा रिकामा होता. आवाज बाहेरून आला होता.

त्याने वाकून शटरखालून बघितलं. एक बूट सरळ, दुसरा तिरका. असं उभं राहणारा माणूस त्याच्या ओळखीत एकच होता. काटकोनाने शटर वर ढकललं.

बाहेर धाकटा, हातातला फोन दाबून दाबून बाईला गप्प करू बघत होता. शाळेची बस चालवून चालवून त्याचं पोट सुटलं होतं.

"डॉक्टर म्हणाले चाला," धाकटा म्हणाला.

"कोणते डॉक्टर?"

"आपलेच. त्यांच्या पदवीची फ्रेम सरळ दिसली. म्हटलं, दादा येऊन गेलेला दिसतोय. तेव्हापासून रोज सकाळी येतो मी इथे. तुझं शटर बंद असतं, म्हणून आज संध्याकाळी आलो. काय झालंय रे तुला?"

काटकोनाचं घोकलेलं वाक्य पार विसरलं गेलं. डोळे मात्र भरून आले, आणि त्याने ते लपवले नाहीत.

"काही नाही. धडधडतं. तू वाकडा उभा नव्हतास त्या फोटोत. मीच उगीच बोललो."

"वाकडाच होतो. बुटात खडा गेला होता."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे?"

दोघेही उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे राहिले. फोनमधली बाई पुन्हा बोलली, "तुम्ही बराच वेळ थांबला आहात. आजचं चालणं संपवायचं का?"

"संपव म्हणावं तिला," काटकोन म्हणाला, "आणि आत ये."