सिनेमात काही होत नाही

जळगाव जामोदला बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक वाचनालय आहे. त्याच्या दाराशी दर रविवारी सकाळी एक काळा फळा लागायचा. त्यावर खडूने, जुन्या सरकारी वळणाच्या अक्षरात लिहिलेलं असायचं : ‘आज दुपारी दोन वाजता वरच्या खोलीत विज्ञानपट. प्रवेश मोफत. सिनेमात काही होत नाही. स्वतः येऊन खात्री करावी.’ खाली सही, प्र. हिवाळे.

मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. जाहिरात अक्षरशः खरी निघाल्याचं उदाहरण माझ्या पाहण्यात नव्हतं, म्हणून एका रविवारी वर गेलो. खोलीत सहा माणसं होती. सिनेमा दोन तास चाळीस मिनिटांचा होता. अवकाशयानात एक माणूस एकटा असतो. तो खिडकीची काच पुसतो, बाहेर बघतो, जेवतो आणि पुन्हा काच पुसतो. खरोखरच काही झालं नाही.

संपल्यावर दारात एक उंच, काळेसावळे, पांढऱ्या शर्टाचे गृहस्थ चहाची किटली घेऊन उभे राहिले. हेच प्रल्हाद हिवाळे. गाव त्यांना काका म्हणायचं. चहा सगळ्यांना मिळत नसे. दारातून जाणाऱ्या प्रत्येकाला ते एकच प्रश्न विचारायचे, “काय हाललं?” सिनेमात बदललेली एक तरी गोष्ट सांगितली, की कप हातात.

मी म्हणालो, “काही नाही.”

“असं कसं बे? सुरुवातीले काच पुसली तवा त्याचं तोंड काचीत दिसत होतं. शेवटी पुसली तवा दिसलं काय?”

मला आठवेना.

“नाही दिसलं. काच तीच, माणूस तोच. जा आता. पुढच्या रविवारी येऊन घेजो चहा.”

मी पुढच्या रविवारी गेलो. पुढली काही वर्षं जात राहिलो. काका मागच्या हिवाळ्यात गेले. त्यांच्याविषयी लिहायचं तर आधी त्यांची नोकरी सांगावी लागते, कारण त्यांची सिनेमाची सगळी समज तिथून आलेली होती.

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका लहान धरणावर ते तीस वर्षं नोकरीला होते. काम एवढंच, की दिवसातून ठरलेल्या वेळी भिंतीवरच्या पट्टीवर पाण्याची पातळी वाचायची आणि वहीत लिहायची. पावसाळ्याचे चार महिने धावपळ. बाकीचे आठ महिने पाणी बोटभर खाली जायला दिवस लागायचे. शेजारी माणूस नाही. साहेब पाहणीला येणार म्हणून दर महिन्याला निरोप यायचा आणि साहेब यायचे नाहीत.

तिथे कधीतरी बाहेरगावचा एक तरुण अभियंता सहा महिने राहून गेला. जाताना जुना लॅपटॉप आणि त्यातले परदेशी सिनेमे काकांना देऊन गेला. पहिला सिनेमा त्यांनी भाषा न कळता सहा वेळा पाहिला. मग डिक्शनरी आणली, पडद्याखालच्या इंग्रजी ओळी वहीत उतरवल्या आणि एकेका शब्दाचा अर्थ लावला. प्रत्येक सिनेमाची एक वही. रविवारी ते भिंतीला टेकून उभे राहायचे आणि मोजकं भाषांतर करायचे. पडद्यावर कोणी दोन मिनिटं विश्वाच्या पोकळीविषयी बोललं, की काका सांगायचे, “थो म्हणते, करमून नाही राह्यलं.”

परग्रहावरच्या प्रत्येक गोष्टीचा अर्थ त्यांना सरकारी नोकरीत सापडायचा. “हे पाहा,” ते म्हणायचे, “यानातला माणूस म्हणजे लांबच्या पोस्टिंगवरचा कर्मचारी. काम काय थे त्याले पक्कं माहीत नाही. वरून आदेश येत नाही. बदलीचा अर्ज केला, त्याचं उत्तर नाही. अन् एलियन म्हणजे कार्यकारी अभियंता. येणार येणार म्हणते, पण कोणी पाह्यला नाही.” मी नंतर शहरात जाऊन या सिनेमांवर विद्वानांची व्याख्यानं ऐकली. त्यांनी याहून फारसं वेगळं सांगितलं नाही, वेळ मात्र जास्त घेतला.

यानांची मारामारी असलेले सिनेमे त्यांना आवडत नसत. “आपल्या जिल्ह्यात लोणारले आकाशातून दगड आला,” ते म्हणायचे. “बंदुका चालल्या काय? कोणी गाणं म्हटलं? खड्डा पडला, पाणी भरलं, अन् मंग हजारो वर्षं शांत. याले म्हणते विज्ञानपट.” आणि कोणी अर्ध्यात उठून म्हणालं, की काका, काही होऊनच नाही राह्यलं, तर त्यांचं उत्तर तयार असायचं : “हाव ना. मंग काय काय नाही होऊन राह्यलं, थे तरी सांगून जा.”

वाचनालयाच्या अध्यक्षांना, नानासाहेबांना, हे सगळं मान्य नव्हतं. नानासाहेब मोठे शेतकरी, बाजारात त्यांचं कृषी केंद्र, स्वभाव सरळ आणि आवाज मोठा. त्यांना वरच्या खोलीत स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका करायची होती. मागणी रास्त होती. काकांनाही ती रास्त वाटायची, हीच त्यांची अडचण होती. पण गावात दुसरी अशी खोली नव्हती, जिला काळे पडदे, पंखा आणि पांढरी भिंत आहे. खोली गेली असती तर रविवारही गेला असता. घरी एकट्याने पाहण्यात त्यांना आता रस उरला नव्हता.

बैठकीत नानासाहेबांनी अट घातली. “वीस माणसं शेवटापर्यंत बसवून दाखवा, हिवाळे. बसली तं खोली तुमची. नाही बसली तं पोरायचे टेबल वर चढते.”

“कोणता सिनेमा लावू?”

“तुमचाच लावा. उगा मारधाड लावून गर्दी करसान तं चालणार नाही.”

काकांनी सगळ्यात मोठा सिनेमा निवडला. तीन तास दहा मिनिटांचा. ओसाड ग्रहावरच्या एका ठाण्यात एक बाई राहते. भिंतीवर एक छोटा दिवा आहे. पृथ्वीवर तिचा निरोप पोचला तर तो दिवा लागणार. बाई वाट पाहते. एवढीच गोष्ट. काका आठवडाभर गावात फिरले. टेलर रऊफभाईंना म्हणाले, “दिवसभर सुईच्या भोकात पाहता, एक दिवस मोठ्या भोकात पाहा.” शाळेत खिचडी शिजवणाऱ्या इंदूबाईंना म्हणाले, “पंखा आहे. डोळा लागला तरी चालते. फक्त घोरू नका.”

त्या रविवारी तेवीस माणसं आली. नानासाहेबही पहिल्या रांगेत बसले. जवळपास अडीच तास सरले, कोणी उठलं नाही. मग पडद्यावर बाई खिडकीपाशी जाऊन बसली. समोर राखाडी माळ. आवाज थांबला. बाई बसून राहिली. खोलीत हालचाल नव्हती. रऊफभाई पुढे वाकले होते. इंदूबाईंनी पदर हनुवटीला लावला होता. मी घड्याळ पाहिलं, हे दृश्य चौदा मिनिटं चाललं. मग प्रोजेक्टर बंद पडून एकदम अंधार झाला, पंखाही थांबला. लाईट गेली होती, पण सिनेमा संपतानाच गेली असं सर्वांना वाटलं. टाळ्या पडल्या. नानासाहेब उठून बोलले. आपण आयुष्यभर घाई केली, हे त्यांना आज कळलं. खिडकीतलं ते दृश्य म्हणजे सिनेमा नव्हता, ध्यान होतं. खोली हिवाळ्यांची.

मी बातमी दिली : ‘चौदा मिनिटांच्या निःशब्द दृश्याने प्रेक्षक मंत्रमुग्ध’. ती अध्यक्षांच्या फोटोसह छापून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका पेपर घेऊन माझ्या दारात. “चौदा मिनिटं बरोबर लिहिले. बाकी सारं चूक आहे. चाल माह्यासंग.”

आम्ही कृषी केंद्रात गेलो. गिऱ्हाइकं होती. काका काउंटरपाशी उभे राहिले.

“नानासाहेब, सिनेमा संपला नव्हता.”

“मंग?”

“अटकला होता. लॅपटॉप. मंग लाईट गेली.”

“कवापासून अटकला होता?”

“बाई खिडकीत बसली तवापासून.”

नानासाहेबांच्या हातातली बियाण्याची पिशवी तशीच राहिली. “म्हणजे मी ज्याले ध्यान म्हटलं...”

“थो लॅपटॉप होता.”

मागे एक गिऱ्हाईक हसलं. नानासाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा ते खताच्या पोत्यावरची माहिती वाचू लागलं.

“तुमाले माहीत होतं, हिवाळे?”

“पाचव्या मिनिटाले समजलं. बाईची पापणी हालली नव्हती.”

“मंग सांगितलं काऊन नाही?”

काकांनी हातातल्या पेपरची घडी केली. “तीस वर्षं धरणावर मी एकटा पाहत होतो. त्या दिवशी तेवीस जण एकाच जागी पाहून राह्यले होते. एकाचाही फोन वाजला नाही. मले उठवू नाही वाटलं.”

“अन् आता कायले सांगता? खोली देली ना तुमाले!”

“अट शेवटापर्यंत बसायची होती. शेवट अजून पाऊण तास बाकी आहे. खोटी नोंद मले जमत नाही.”

नानासाहेबांचा चेहरा लाल झाला. “ठीक आहे. येत्या रविवारी राहिलेला लावा. वीस माणसं. मी स्वतः मोजतो. एक कमी पडला तरी खोली गेली.”

माझ्या दैनिकाने एका ओळीचा खुलासा छापला : सदर दृश्य तांत्रिक बिघाडामुळे लांबले होते. त्या ओळीने गावाला आठवडाभर पुरेल इतका मजकूर दिला. रऊफभाईंना तर धंदाच सापडला. कपडे कधी मिळतील असं कोणी विचारलं, की ते सुई हवेत धरून स्तब्ध बसायचे आणि म्हणायचे, “भाऊ, ध्यान चालू आहे.” पण सगळ्यांना हसण्यावारी नेता येत नव्हतं. इंदूबाई रस्त्यात भेटल्या आणि काकांना म्हणाल्या, “शाळेतल्या बाया हसून राह्यल्या मले. आता कोणत्या तोंडानं येऊ?”

“त्याच तोंडानं या. चांगलं पाहत होतं थे.”

रविवारी फळ्यावर होतं : ‘मागच्या सिनेमाचा उरलेला भाग. अटकला नाही तर संपेल.’

दोन वाजता खोलीत एकोणीस माणसं होती, मला धरून. काही चेहरे आले नव्हते. इंदूबाई आल्या होत्या, मागच्या रांगेत. नानासाहेब दारात उभे होते.

“बसा ना, नानासाहेब,” रऊफभाई म्हणाले.

“मी बसलो तं वीस होते. म्हणून बसत नाही.”

ते आत येऊन मागच्या भिंतीपाशी उभे राहिले. काकांनी दार लावलं आणि सिनेमा सुरू केला. बाई खिडकीतून उठली. खोलीत दोघातिघांनी सुस्कारा सोडला, जणू तीही आठवडाभर तिथेच बसली होती. मग तिने काही आवरलं, काही मोडलेलं दुरुस्त केलं, दिव्याखाली खुर्ची ओढून बसली. चाळीस मिनिटं गेली.

शेवट जवळ आला तसे नानासाहेब मोजायला निघाले. मागून अंधारात डोकी नीट दिसेनात, म्हणून ते भिंतीकडेने पुढे गेले आणि पडद्याच्या बाजूला, पडद्याकडे पाठ करून उभे राहिले. पडद्याच्या उजेडात एकोणीस तोंडं त्यांच्यासमोर होती. ते बोटाने मोजू लागले. नऊ, दहा, अकरा. आणि त्याच वेळी ती सगळी तोंडं बदलली. रऊफभाई खुर्चीतून अर्धे उठले. इंदूबाईंचा हात तोंडावर गेला. नानासाहेब गर्रकन वळले. पडद्यावर बाईची पाठ होती. मग तीही गेली आणि नावं वर सरकू लागली.

काकांनी खिडक्यांचे पडदे बाजूला केले.

“एकोणीस,” नानासाहेब म्हणाले. “अट पुरी झाली नाही.”

कोणी त्यांच्याशी भांडलं नाही. कोणी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. रऊफभाई इंदूबाईंना सांगत होते, की दिवा लागला, आपण डोळ्यांनी पाहिला. इंदूबाई म्हणत होत्या, दिवा नाही, खिडकीतून काचेवर पडलेली चमक होती ती. मागच्या तिघांनी वेगळंच काढलं. नानासाहेब मधे उभे राहून आळीपाळीने सगळ्यांकडे बघत होते. शेवटी ते माझ्याकडे वळले.

“पत्रकार, तुमी सांगा. लागला का?”

मी त्या क्षणी त्यांच्या बोटाकडे बघत होतो. तसं सांगितलं.

काका वायर गुंडाळत होते. नानासाहेब त्यांच्याजवळ गेले आणि कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाले, “हिवाळे, दिवा लागला का?”

“मी नाही सांगणार.”

“काऊन?”

“तुमी तिकडं पाठ करून काऊन उभे होते?”

“मोजत होतो.”

“मोजलं ना बरोबर. एकोणीस.”

नानासाहेबांनी कुलूप लावायला खिशातून खोलीची चावी काढली होती. ती हातात तशीच राहिली. “येत्या रविवारी पुन्हा लावा. फक्त शेवट.”

“नुसता शेवट पाहून समजत नाही. सुरुवातीपासून पाहा लागते.”

“तीन तास?”

“तीन तास दहा मिनिटं.”

नानासाहेब चावीकडे बघत उभे राहिले. बाहेर अजून दिव्यावरून वाद चालला होता. मग त्यांनी चावी काकांच्या हातावर ठेवली आणि जिना उतरता उतरता, मागे न बघता म्हणाले,

“पुढची खुर्ची माह्यासाठी ठेवजा.”