एकशेवीसचा रस्ता

मस्कतचे रस्ते माझ्याइतके पाठ असलेला ड्रायव्हर दाखवा, डोळे बांधून गाडी नेईन. गेल्या महिन्यात डोळे उघडे असून मी माझ्याच बिल्डिंगसमोर पिकअप फुटपाथच्या नव्या कठड्यावर चढवली आणि टायर फोडला.

पण मला सांगा, कठडा तिथे ठेवला कुणी? वादी कबीरला आमच्या घरासमोरून हायवे जायचा, सहा लेनचा. मग डोंगरामागून नवा रस्ता झाला आणि गाड्या सगळ्या तिकडे पळाल्या. दुपारी सहा लेन आणि मी एकटा! काटा एकशेवीसवर, खिडकी उघडी. ते पालिकेला बघवलं नाही. अर्धा रस्ता खणला, मधे कडुनिंब लावले, चालायला लाद्या घातल्या, बाकडी ठेवली. बाकडी! मस्कतच्या उन्हात बसणार कोण, बकऱ्या?

घरात मात्र मी सोडून सगळे खूश. बायकोची बहीण राहते रस्त्यापलीकडे, अगदी समोर. बाल्कनीतून दोघी एकमेकींना हात करायच्या, पण मधे हायवे. जायचं तर गाडीने पुढच्या पुलापर्यंत जाऊन उलटं वळून यायचं. म्हणजे मी नेणार तेव्हा. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, बायकोने सूप करून डबा भरला. मी म्हटलं, "यल्ला, चल, अर्ध्या तासात नेतो," आणि क्रिकेट बघता बघता सोफ्यावर घोरलो. डबा टेबलावर थंड झाला. बायकोने तो उचलून फ्रीजमध्ये ठेवला. ती भांडली नाही की मी जास्त घाबरतो.

तरी माझी अक्कल बघा. उरलेला रस्ता वाचवायला मी पालिकेकडे अर्ज करायचं ठरवलं. शाळेशी माझं तिसरीतच खलास झालं, म्हणून मुलीला बसवलं. ती मराठी बोलते म्हणजे इंग्लिशला आमच्या गावचं, वसईचं तिकीट काढून देते.

"लिही, हा रस्ता आमचा आहे, तोडू नका!"

"पप्पा, स्लो बोल ना. आणि अँग्री नको, पोलाइट लिहायचं असतं."

बायको तिच्या मागे उभी राहून काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, स्पेलिंग सांगतेय. बायको माझी नववी पास!

मग टायपिंगच्या दुकानातल्या केरळवाल्याने त्याचं अरबी केलं. मी ऐटीत सही ठोकली आणि अर्ज पालिकेच्या कुरुमच्या ऑफिसात नेऊन दिला. साहेब ओमानी, वाचता वाचता उठला, मला खजूर दिला, कावा म्हणजे त्यांची कडू कॉफी दिली, पाठ थोपटली. मी बाहेर येऊन चार मित्रांना फोन केले, "सरकार घाबरलं!"

दोन आठवड्यांनी बरोबर आमच्या दारासमोर पांढरे पट्टे मारले. चालणाऱ्यांचा सिग्नल आला, गाड्यांना तीसचा बोर्ड लागला. मी भडकून घरी आलो तेव्हा मुलगी म्हणाली, "पप्पा, तूच तर मागितलं. साइन तुझी आहे. मम्माने सांगितलं ते मी लिहिलं."

माझ्या सहीने माझाच हायवे गेला! त्याच रागात दुसऱ्या दिवशी निघालो आणि तो कठडा लागला. स्टेपनी काढली तर तीही पंक्चर. बघतच नाही मी कधी. ऊन डोक्यावर आलं, म्हणून नाइलाजाने त्या बाकड्यावर बसलो. कडुनिंबाची सावली माझ्या एका कानापुरती.

तेवढ्यात बायको डबा घेऊन खाली उतरली. सिग्नल लागला, गाड्या थांबल्या, मॅडम निघाल्या पट्ट्यांवरून.

मी ओरडलो, "अगं थांब! मेकॅनिक येतोय, अर्ध्या तासात नेतो!"

ती पट्ट्यांच्या मधोमध थांबली आणि वळली.

"तुमच्या अर्ध्या तासापायी बारा वर्षं मी बाल्कनीत उभी राहिले. बसा आता तिथेच."