काशीवैनीचा सुटकेचा कागद

आमची काशीवैनी म्हंजे मुलखाची संशयी. मी देवकी, तिची शेजारीन. बाजारातनं मीठ आनलं तरी ती आधी जिभेवर टाकून बघनार, मंगच मडक्यात. तिचा नवरा झिलूभावजी बंदीच्या रानात झाडं तोडून, जाळून नाचनी पेरली म्हनून तीन वर्सांसाठी तुरुंगात गेल्ता.

एक वर्स सरलं आनि एका दुपारी त्यो दारात हुबा! हातात कागद.

"काशे, सोडलं मला. विलायतेचा राजा मेला, म्हनून कैदी सोडल्यात."

"व्हय?" वैनी उंबऱ्यात आडवी. "घरात मयत झाली तर सुतकात आपन चुलीतली राखबी कुनाला देत न्हाई. आनि सरकार सुतकात मानसं वाटत सुटलंय? खरं सांगा, पळून आलाय न्हवं?"

"आईशप्पत न्हाई ग!"

आमच्या दिग्गी गावात कागद वाचनारं कोन? पोलीस आले तर गाव बडवतील, ह्या भ्यानं तिनं नवऱ्याला घरात घेतलंच न्हाई. शेतातल्या राखनीच्या माळ्यावर ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्यो झोपल्याला बघून तिनं कागद पदराला बांधला आनि कॅसलरॉक गाठायला निघाली, स्टेशनातल्या बाबूकडनं वाचून घ्यायला. "कुनाला बोलू नको," मला म्हनली.

मी भात घेऊन माळ्याकडं गेले. त्यो कागद हुडकत हुता. "काशी कुठं हाय?"

माझं मेलं तोंड! थट्टेत म्हनले, "गेलीया कॅसलरॉकला कागद घेऊन. आता पोलिसांनाच आनतीया बघा!"

त्याचं त्वांड उतरलं. "कागद न्हाई, तर मी पळपुटाच की!" मी न्हाई न्हाई म्हनस्तोवर मानूस गोव्याकडच्या रानात घुसला.

दुसऱ्या दिवशी वैनी पळतच आली. हसत हुती. "देवके, खरं हाय ग! तिघांकडनं वाचून घेतलं. सुटलेत त्ये!" त्याच्यासाठी चिरमुऱ्याची पुडीबी आनल्याली. माळा रिकामा.

अकरा वर्सं झाली. दर साली उळवीच्या जत्रंत कागद दाखवून ती गोव्याकडच्या मानसांना झिलूभावजीचं इचारती. त्याला कुनी बिथरवला म्हनून गावातल्या एकेकावर संशय घेतला, दारात जाऊन शिव्या दिल्या. माझ्या दारात आली न्हाई. रातंदिस जीव जळतोय माझा, पन सांगायची छाती हुईत न्हाई.

तिच्या घरात उंदीर लई. म्हनून कागद माझ्याकडं ठेवती. म्हनती, "देवके, दुसऱ्या कुनाचा भरवसा न्हाई बाई."