घरचा बैल आणि उभी गाडी

आमच्या घरी गाडी आई ठोकते आणि त्याचं स्पष्टीकरणही आईच देते. पहिल्या कामात ती साधारणच आहे, पण दुसऱ्यात तिच्या तोडीचं माणूस मी अख्ख्या रायपुरात पाहिलेलं नाही.

आई शाळेत मुख्याध्यापिका होती. रिटायर झाली, मग बाबा गेले, आणि त्यानंतर ती गाडी शिकली. कारण तिनं एका दमात सांगून टाकलं होतं, "कुठं जाचं म्हटलं का तुमचं तोंड पाहा लागते. त्यापेक्षा मी रस्ता पाहीन." तेव्हापासून ती गुडघे धरलेल्या मैत्रिणींना गाडीत भरून समता कॉलनीत फिजिओथेरपीला नेते, भजनाला नेते, आणि परत येताना सदर बाजारात खरेदी करते. (सदर बाजारात सायकलवाल्यालाही घाम फुटतो!) मला तिचं फार कौतुक वाटायचं, आणि ती किल्ली घेऊन निघाली की मी विम्याचे कागदही शोधून ठेवायचो.

सुरुवात समोरच्यांच्या कंपाउंडच्या भिंतीपासून झाली.

"हॉर्न देला होता मी," आई म्हणाली.

"भिंतीला?"

"भिंतीमागं कोणी असतं त मंग?"

मी भिंतीमागं जाऊन पाहून आलो. कोणी नव्हतं.

मग सदर बाजारात एका फळांच्या हातगाडीला धक्का लागला. आईचं म्हणणं असं, "त्याले वाटलं मी थांबीन, मले वाटलं तो थांबन. तो थांबला. आता दोघंही थांबून काय फायदा?" नवल म्हणजे हे त्या फळवाल्याला पटलं! त्यानं आईच्या पिशवीत वर आणखी एक सीताफळ टाकलं. त्यानंतरचा नंबर देवळासमोरच्या खांबाचा.

"आरशात पाहून राहिली होती मी. मागं एकदम साफ होतं."

"आणि पुढं?"

"शिकवणाऱ्यानं आरसा पाहा म्हटलं होतं. पुढचं तो काही बोलला नाही."

लक्षात घ्या, यातलं एकही वाक्य खोटं नाही. आयुष्यभर बहाण्यांसाठी पोरांचे कान पिळत आलेली ही बाई स्वतः कधी बहाणा करत नाही. जे घडलं ते ती जसंच्या तसं सांगते, आणि ऐकणाऱ्याचीच बोलती बंद होते. मी पीडब्ल्यूडीत इंजिनिअर आहे. इतकं सरळ आणि इतकं निरुत्तर करणारं वाक्य आमच्या खात्यात कोणाला लिहिता आलं असतं, तर चौकशी समित्यांना कामच उरलं नसतं.

पण खांबानंतर नागपूरहून मोठ्या भावाचा फोन आला. एखाद दिवशी कोणाला तरी लागेल, असं त्याचं म्हणणं. आईचं नाव घेऊन गाडी बंद करायची तर आम्हा दोघांच्याही अंगात हिंमत नव्हती, म्हणून मी सगळ्यांसाठी एकच नियम केला. यापुढं घरातल्या ज्या माणसामुळे गाडी ठोकली जाईल, त्यानं किल्ली सोडायची, कायमची.

"हव," आई म्हणाली. "मंजूर."

ती इतकी शांतपणे म्हणाली की मलाच वाईट वाटलं. गाडी गेली तर आई पुन्हा आमच्या तोंडाकडे पाहत बसणार होती, हे मला कळत होतं.

आणि मग तान्हा पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं आपापले लाकडी बैल सजवून आणतात, त्यांची पूजा होते आणि मुलांना खाऊ मिळतो. आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, मराठी घरांची ही पूजा आमच्याच फाटकाशी होते, कारण सगळ्यात मोठा बैल आमचा. आईच्या माहेरचा, सागवानी, कमरेइतका उंच, चाकांवर चालणारा आणि शिंगांना पितळी टोप घातलेला. त्याला फाटकाच्या उताराच्या वरच्या टोकाला उभं करायचं असतं. तो घसरू नये म्हणून चाकाखाली काहीतरी अडकवायला हवं, आणि हे काम माझ्याकडे आलं. (मी इंजिनिअर ना!) वीट आणायची तर मागच्या अंगणात जावं लागलं असतं. पूजेचा नारळ हाताशी होता. मी तो चाकाखाली घट्ट बसवला आणि दोन पावलं मागं सरून स्वतःच्या अकलेकडे समाधानानं पाहिलं.

आई तेवढ्यात सदर बाजारातून फुलं आणि खाऊ घेऊन आली. उताराच्या पायथ्याशी तिनं गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि आत बसूनच पिशव्या आवरायला लागली. पंडितजींनी पूजा आटोपत आणली आणि म्हणाले, "भैया, नारियल."

मी वाकून नारळ काढला आणि त्यांच्यापुढं धरला.

बैलानं क्षणभर विचार केला असावा. मग गळ्यातली घुंगरं वाजवत, झेंडूच्या माळा मिरवत तो उतारावरून निघाला आणि दोन्ही शिंगांनिशी आमच्या गाडीच्या हेडलाइटमध्ये शिरला!

आता हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. नारळ माझ्या हातात होता. तरीही माझ्या तोंडून सवयीनं काय निघावं?

"आई, पुन्हा? किल्ली दे."

आई खाली उतरली. तिनं बैलाचा मोडलेला कान चाचपला, माझ्या हातातल्या नारळाकडे पाहिलं आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. "ठेव सध्या," म्हणाली. "विम्याच्या सायबापुढं मी बोलीन."

तो सगळा आठवडा ती ओट्यावर बसून होती. फिजिओथेरपीला मैत्रिणी रिक्षानं गेल्या. किल्ली माझ्या खिशात होती आणि ती मला टोचत होती, पण नियम मोडायचा तरी कसा, असं मी स्वतःला समजावत राहिलो.

विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडी पाहायला भनपुरीच्या गॅरेजमध्ये येणार होता. वाटेत मी आईला हळूच सुचवलं, की मोटरसायकलवाल्यानं ठोकून पळ काढला असं सांगितलं तर सोपं जाईल.

"काहून?" आई म्हणाली. "बैल काय पळून गेला हाय?"

पळून जाण्याचा प्रश्नच नव्हता. तो आमच्यासोबत ऑटोत बसला होता, मोडक्या कानाला फडकं बांधून. आईनं त्याला साक्षीला आणलं होतं.

सर्व्हेअर तरुण होता, नम्रही. त्यानं फुटलेला हेडलाइट पाहिला आणि विचारलं, "माताजी, टक्कर किससे हुई?"

"बैल से."

"सड़क का साँड़ होगा."

"नहीं भैया, घर का है. मेरे मायके से आया है."

"अभी कहाँ है?"

"बाहर ऑटो में बैठा है."

सर्व्हेअर बाहेर गेला. परत आला तेव्हा त्यानं आधी पाणी मागितलं.

"ये अपने आप चला?"

आईनं माझ्याकडे बोट केलं. "ये मेरा बेटा. इंजीनियर है. इसको पूछो."

गॅरेजमधल्या मिस्त्रींचे हात थांबले. मी घसा साफ केला. "वो, पंडितजी ने नारियल माँगा था."

"तो?"

"नारियल बैल के चक्के के नीचे था."

"आपने रखा था?"

"हाँ. ढलान थी ना, इसलिए."

"और निकाला किसने?"

"मैंने ही."

सर्व्हेअरनं फार हळुवारपणे विचारलं, "आपको नहीं लगा कि बैल चल देगा?"

मी खूप विचार केला. जे खरं होतं तेच शेवटी तोंडातून बाहेर पडलं. "घर का बैल है. मुझे लगा, रुकेगा."

आई माझ्याकडे वळली. मी इंजिनिअर झालो तेव्हाही तिच्या चेहऱ्यावर इतका अभिमान मी पाहिला नव्हता.

"गाड़ी खड़ी थी, इंजन बंद था," सर्व्हेअर म्हणाला. "माताजी की इसमें कोई गलती नहीं. गलती..." त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि वाक्य शिष्टाचार म्हणून अर्धंच सोडलं.

आईनं हात पुढं केला. नियम माझाच होता. मी खिशातून किल्ली काढून दिली, आणि खरं सांगतो, इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

आता सकाळी आई मला नव्या रायपुरातल्या ऑफिसात सोडते आणि पुढं मैत्रिणींना घ्यायला जाते. पहिल्याच दिवशी साहेबांनी मला गाडीतून उतरताना पाहिलं.

"क्यों भाई, आजकल माँ छोड़ने आती है?"

मीही शेवटी त्याच आईचा मुलगा. जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. "सर, नारियल निकालते ही हमारा बैल गाड़ी में घुस गया, इसलिए मेरा चलाना बंद है."

साहेबांनी एकदा गाडीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दो-चार दिन छुट्टी ले लो."